पाचव्या घरची भाकरी

भर दुपारी आपले वडील झोळी घेऊन कुठं जातात, हे बघायला सुधींद्र खांबाआड उभा राहिला. तिथंच त्याला नेत्रा भेटली. म्हणजे, रागावली.

"ओ अण्णा, खांबाआडून दुसऱ्याच्या घरात कामून बघायलाव?"

"घरात न्हाई... आमच्या अप्पांकडं बघायलोय."

अण्णा ही हाक त्याला फार लागली. एवढे टपोरे डोळे, आणि त्यांना भाऊ दिसावा!

प्रकरण असं होतं. गाणगापुरात दुपारी पाच घरी माधुकरी मागतात. त्या वेळी दत्त कोणत्या रूपात दारात येईल सांगता येत नाही, म्हणून कुणी कुणाला रिकामं पाठवत नाही. सुधींद्रचे वडील पांडुरंगराव निवृत्त मास्तर. जन्मभर देवळाच्या वाटेला फारसे गेले नव्हते. पण कलबुर्गीला त्यांच्या हृदयात स्टेंट बसला, मुलानं घरचं तूप-लोणचं कुलपात टाकलं, आणि आठवड्याभरात त्यांना एकाएकी भक्ती लागली. चार घरी तुपातली पोळी, शिरा, भजी मिळत. झोळीत पडेल ते नाकारायचं नाही, हा नियम ते डोळे मिटून पाळत.

पाचव्या घरी मात्र सरकारी दवाखान्यातली नर्स राहत होती, नेत्रा. तिनं झोळीत कोरडी ज्वारीची भाकरी आणि उकडलेली पालेभाजी टाकली.

"काका, तुमची फाइल मी वाचलीय."

"देव आला असता तर त्यालाबी हेच दिलं असतंस?"

"देवाला स्टेंट न्हाई."

नेत्रा मग उरलेल्या चारही घरी जाऊन आली. महिन्याभरात झोळीत पाच कोरड्या भाकऱ्या पडू लागल्या. पांडुरंगरावांची भक्ती ओसरली. सुधींद्रची वाढली.

"अप्पांचा बीपी विचारायला आलो होतो."

"सकाळी सांगितला की, अण्णा."

"तो सकाळचा झाला..."

ती हसली. त्या हसण्यावर विसंबून एका दुपारी तो म्हणाला, "नेत्रा, मी... म्हणजे आपण दोघं—"

"खिशात काय आहे?"

सिगारेटचं पाकीट होतं.

"बापाचं मीठ चिमटीनं मोजता, अन् सोता धूर? बापाला हा आजार, तुमचं दिवसभर लॉजच्या गल्ल्यावर बसून राहणं, वर हे." तिचा आवाज खाली आला. "माझे बाबाबी असेच ओढायचे. एकोणपन्नासाव्या वर्षी चहाचा कप हातात घेऊन गेले. आईनं तो कप टाकला न्हाई, वापरलाबी न्हाई. मला नवरा पाहिजे. भिंतीवरचा फोटो न्हाई."

सुधींद्रनं पाकीट तिच्या उंबऱ्यावर ठेवलं.

"सोडली तर?"

"वर्षाभरात धोका निम्म्यावर येतो. मग बोला."

सुधींद्रनं सोडली. पहिल्या पंधरवड्यात त्यानं दीड किलो बडीशेप खाल्ली आणि दोन यात्रेकरूंना कारण नसताना खोली नाकारली. रोज पहाटे संगमापर्यंत चालत जाऊन यायचा. दत्तजयंतीच्या गर्दीत, सुटल्याला दोन महिने झाले असताना, एक ओढली. आणि स्वतःच जाऊन सांगितलं. नेत्रानं त्याला चहा दिला आणि वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला घेतलं.

पुढच्या दत्तजयंतीनंतर अकराव्या दिवशी, भर दुपारी, तिच्या दारात हाक आली. अप्पांची झोळी घेऊन सुधींद्र उभा होता.

"किती दिवस झाले?" तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"तीनशे पासष्ट."

"छातीत काही होतं?"

"तुम्ही दार उघडलं की होतं. एरवी न्हाई."

तिनं नजर भाकरीवर ठेवली. "निम्मा धोका राहिलाच की अजून..."

"त्याचं काय करायचं?"

"तो... मी घेते." आणि तिनं भाकरी पुढं केली. "अहो, झोळी नीट धरा."

अहो! सुधींद्रनं झोळी दोन्ही हातांनी धरली.

तेवढ्यात खांबाआडून पांडुरंगराव पुढं आले. "सूनबाई, आज तरी भाकरीवर जरासं तूप—"

"न्हाई!" दोघं एकदमच म्हणाले.