सुट्टे पोचवणारा

"ए बाई, तो कागद माझ्या पोटावरच चिकटव ना एकदाचा!"

पावाच्या दुकानाच्या दारात तो तिला पहिल्यांदा भेटला तो असा, ओरडतच.

ती दुकानादुकानांत फिरून मोबाईलने पैसे घ्यायचे कोड चिकटवायची. तो दुकानदारांना सुट्टी नाणी पोचवायचा, वर थोडं कमिशन घ्यायचा. साथ आली आणि लोक नोटेकडे विंचवासारखं बघायला लागले. मग ती ज्या गल्लीत शिरायची, तिथून त्याचं काम उठायचं.

"साथ काय मी आणली?" ती खेकसली. "रोज दहा दुकानं झाली नाहीत तर मला नारळ देतात!"

"मग अकरावं माझं धर. ये चिकटवायला."

मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते... मेला! ती तणतणत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच रस्त्याने आली.

तो नाणी साबणाच्या पाण्यात धुवून आणायचा. "धुतलीत हो, वास घेऊन बघा," म्हणायचा. दुकानदार लांबूनच मान हलवायचे. तिला ते बघवायचं नाही. त्याचे हात पार सोलवटलेले. एकदा तिने त्याच्यासमोर क्रीमची डबी आपटली.

"लाव. बघवत नाहीत हात."

"तूच लावून दे ना..."

"लांब हो आधी!"

होता होता त्याच्याकडे पावाचं तेवढं एक दुकान उरलं. तिथल्या मावशी कोड घेईनात. "मग या पोराने काय करायचं?" म्हणायच्या. इकडे साहेबांनी तिला बजावलेलं, हा रस्ता पुरा झाला नाही तर उद्यापासून घरीच बस. बाबांची नोकरी साथीत गेलेली. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

ती त्याला काही बोलली नाही. पण त्याला कळलंच, मावशींकडूनच असेल. सकाळी ती पोचली तेव्हा तो मावशींशी भांडत होता.

"घ्या तो कोड! मला मामाने गोदामात बोलावलंय. मी निघालोच आहे."

मावशींनी गल्ल्याजवळची जागा पुसून दिली. तिने कोड लावला. तो वाकडाच बसला.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मामा खरंच आहे?"

"आहे. लांब आहे... खूप."

"मी आवडते ना तुला?"

"हे काय विचारणं झालं? आवडतेस."

"मग थांब की!"

"आता इथे काय काम माझं?"

"मला भेटायचं — हे काम नाही?"

"आहे ना. पण पगार कोण देणार?"

एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. आज तिने फक्त पिशवी खांद्यावर टाकली.

"कोपऱ्यापर्यंत येते," ती म्हणाली.

दोघं सावकाश चालत राहिले. कोपरा आला. कुणीच थांबलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर मात्र तिचा फोन वाजला. साहेब. पलीकडच्या रस्त्यावरची दुकानं आजच करायची होती.

"उचल," तो म्हणाला.

तिने उचलला. "हो सर... निघाले," म्हणेपर्यंत तो रस्ता ओलांडून गेला होता.