खूण कोणी पुसली?

"माझ्या सख्ख्या दिराला मी घराबाहेर काढलंय," खुर्चीत टेकायच्या आधीच ताई म्हणाल्या. "आता तो खरंच चोर आहे का, तेवढं शोधून द्या."

"म्हणजे शिक्षा आधी झाली आणि तपास मागाहून," बाई म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या आणि पहिल्यापासून सांगा."

बाईंचं अख्खं आयुष्य विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर त्या खासगी तपास करत. कोपऱ्यात बसलेले हवालदार, तेही निवृत्त, त्यांचे सोबती. हवालदारांना गुन्हेगार नेहमी पहिल्या भेटीतच सापडायचा. तो गुन्हेगार नाही हे पटायला मात्र त्यांना बराच वेळ लागायचा.

"दीरच असणार," ते आताही पुटपुटले.

ताईंनी सांगितलं ते असं. घरात आजारी किंवा अपंग माणूस सांभाळणाऱ्यांसाठी त्या एक वेबसाइट चालवत. चाकाची खुर्ची कोणती टिकते, न्हाणीघरात न घसरणारी चटई कोणती, पाठीला जखमा होऊ न देणारी गादी कोणती, हे सगळं त्या स्वतः वापरून बघायच्या आणि खरं तेच लिहायच्या. लेखाखाली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची लिंक असे आणि त्या लिंकमध्ये ताईंची खूण दडलेली असे. वाचकाने तिथून जाऊन काही घेतलं की दुकानाला कळायचं, हे गिऱ्हाईक ताईंनी पाठवलं. मग दुकान ताईंना कमिशन द्यायचं. वाचकाला एक पैसाही जास्त पडत नसे.

"याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात," ताई म्हणाल्या.

"आमच्या वेळी दलाली म्हणायचे," हवालदार म्हणाले.

"म्हणा खुशाल. पण त्या दलालीतला एक रुपया मी घरात आणलेला नाही. सगळं कमिशन 'निवासा'ला जातं. माझा दादा तिथे राहतो." इथे ताईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "केस पिकलेत त्याचे, पण मन पाच वर्षांच्या पोराचं. तिथली सगळीच तशी. त्यांना आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या माणसांचे पगार माझ्या कमिशनवर होतात. म्हणजे होत होते."

जानेवारीपासून कमिशन आटत गेलं होतं. निम्मे मदतनीस निघून गेले होते. पैसे आले नाहीत तर या महिन्याच्या शेवटी निवास बंद होणार होता.

"वाचक कमी झाले का?" बाईंनी विचारलं.

"उलट वाढले. रोज कोणीतरी लिहितं, ताई, तुमच्या लिंकवरून गादी घेतली, आई आता शांत झोपते. पण दुकानाच्या हिशेबात ती गादी दिसतच नाही! कुठून तरी भटकत आलेल्या, मला न ओळखणाऱ्या लोकांची खरेदी दिसते. माझ्या रोजच्या वाचकांची नाही."

"परक्यांची दिसते आणि आपल्या माणसांची दिसत नाही?"

"हो."

"हे फार कामाचं सांगितलंत," बाई म्हणाल्या. यात कामाचं काय, ते हवालदारांना कळलं नाही.

"लिंका कोण बसवतं?"

ताईंनी मान खाली घातली. "भावजी. लिंकमधली माझी खूण काढून स्वतःची घालणं त्यांच्या हातचा मळ. त्यात त्यांनी नवी मोटरसायकल घेतली. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर नको ते बोलले. ते कपड्यांची पिशवी उचलून निघून गेले. तेव्हापासून हे आणि भावजी एकमेकांशी बोलत नाहीत."

ताईंच्या कामाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाद्यांचे तुकडे, कुबड्या, हातात घट्ट बसतील असे जाड दांड्यांचे चमचे. हवालदार एका चाकाच्या खुर्चीत बसले आणि हळूहळू मागे घरंगळत कपाटावर जाऊन आदळले.

भिंतीवर एक चौकट होती. चित्रात एक खार, खाली मोठ्या अक्षरांत आभार.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"ती होय? 'खारुताई'. कॉम्प्युटरवर बसवायची एक सोय आहे. आपण खरेदीला गेलो की पैसे भरताना खार उडी मारून येते, कुठे सवलत मिळते का बघते आणि त्यांची कंपनी आपण सांगू त्या संस्थेला खारीचा वाटा देते. डिसेंबरमध्ये मी तिच्यावर लेख लिहिला. सगळ्यांना म्हटलं, बसवा आणि निवासाचं नाव निवडा. सगळ्यात जास्त घरांत खार मी पोचवली म्हणून त्यांनी ही चौकट पाठवली." ताई त्या दिवसात पहिल्यांदा जरा हसल्या. "तेवढीच आपल्या लोकांना मदत."

बाई चौकटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. हवालदार कपाटावर आपटलेली पाठ चोळत होते.

भावजी एका गॅरेजच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण स्वतः बसले नाहीत.

"मोटरसायकल हप्त्यांवर आहे. कोणालाही विचारा," ते म्हणाले. "लिंकाही तपासा. मी स्वतः वहिनींच्या लिंकवरून टेबलावरचा दिवा घेऊन बघितला. त्याचं कमिशन वहिनींच्या खात्यावर दिसलं. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, हा देखावा आहे."

"देखावाच!" हवालदार म्हणाले.

बाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरकडे बघितलं. "तुमच्याकडे खार नाही?"

"छे! कामाच्या वेळी समोर उड्या मारणारं काही मला खपत नाही. त्यावरूनही वहिनी रागावल्या होत्या. म्हणाल्या, दादासाठी एवढंही होत नाही का." भावजींनी तोंड फिरवलं. "त्याची दाढी मी करतो, बाई. दुसऱ्या कोणाला तो गालाला हात लावू देत नाही. आता तिथे चोर म्हणून कुठल्या तोंडाने जाऊ?"

जिन्यावरून उतरताना हवालदार म्हणाले, "माणूस पक्का आहे. डोळ्यात पाणीसुद्धा आणतो."

निवासात अर्ध्या खाटा घड्या घालून भिंतीला लावल्या होत्या. जेवणाच्या खोलीत एक उंच, पिकल्या केसांचा माणूस खुर्च्या सरळ रेषेत लावत होता. तो दादा.

"तुम्ही इथे राहायला आलात?" त्याने हवालदारांना विचारलं.

"नाही बुवा. भेटायला आलो."

"राहा ना. खाटा खूप आहेत."

व्यवस्थापकांनी त्याला प्रेमाने बाजूला नेलं. "त्याला अजून काही सांगितलेलं नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. चेहऱ्यावरून त्यांची झोप उडालेली दिसत होती.

हवालदारांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पण कमिशन दुकानाकडून ताईंच्या खात्यात यायचं, तिथून निवासाला. मधल्या वाटेवर व्यवस्थापकांचा हात पोचतच नव्हता.

"आमचा संसार त्या कमिशनवर," ते म्हणाले. "मीसुद्धा इथलं सामान ताईंच्याच लिंकवरून मागवतो. खार आली की भक्तिभावाने 'हो' दाबतो. बुडत्याला काडीचा आधार. तिकडून थेंबभरच येतं, पण येतं, आणि दर महिन्याला थोडं वाढतंय."

"वाढतंय?" बाईंनी विचारलं.

"हो. देव तिचं भलं करो."

शेवटची भेट ताईंच्या सर्वांत जुन्या वाचक असलेल्या निवृत्त नर्सची. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. ताईंवर त्यांचा भारी जीव.

"आमच्यासमोर एक चटई घ्याल का?" बाईंनी विचारलं.

सिस्टरनी ताईंची लिंक उघडली, निळी चटई निवडली आणि पैसे भरायला गेल्या. टुणकन खार आली. 'थांबा! खारीचा वाटा द्यायचा ना?' सिस्टरनी 'हो' दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि पुन्हा जागेवर आलं.

"हे काय झालं?" हवालदार म्हणाले.

"नेहमीच होतं. कॉम्प्युटर म्हातारा झालाय, माझ्यासारखा."

"मग फोनवरून का नाही घेत?" बाईंनी विचारलं.

"फोनवर खार येत नाही ना! मग निवासाला काय मिळणार?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. प्रकरण सुटल्यावर त्यांचा चेहरा खुलायचा. आज तो पडला.

ऑफिसात परतल्यावर त्यांनी हवालदारांना तीच चटई घ्यायला लावली, फक्त हिरवी.

"माझं न्हाणीघर कोरडं ठणठणीत असतं," हवालदार कुरकुरले.

"तरी घ्या."

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. "एकच चटई दिसतेय, बाई. हिरवी."

बाईंनी सगळ्यांना निवासाच्या जेवणाच्या खोलीत बोलावलं. दादाने खुर्च्या मांडल्या. भावजी मात्र दारातच उभे राहिले. त्यांना कोणी बस म्हटलं नाही आणि ते बसलेही नाहीत.

"चोर सापडला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "निदान रागवायला कोणी मिळालं असतं. भावजींनी लिंका बदलल्या असत्या तर सगळ्यांचीच खरेदी गेली असती. पण परक्यांची दिसत होती. लिंक तर सगळ्यांना एकच. म्हणजे खोट लिंकमध्ये नव्हती, घेणाऱ्यांकडे काहीतरी होतं. परक्यांकडे नाही आणि आपल्या माणसांकडे आहे, असं काय?"

सिस्टरचा हात तोंडावर गेला.

"खार," व्यवस्थापक म्हणाले.

"खार. या धंद्याचा नियम असा, की गिऱ्हाईक कोणाकोणाच्या दारातून फिरून आलं तरी कमिशन शेवटच्या खुणेला. तुम्ही ताईंची खूण घेऊन गल्ल्यापर्यंत जात होतात. तिथे खार उडी मारायची. 'हो' दाबलं की पान पांढरं व्हायचं. सिस्टर, तुमचा कॉम्प्युटर धडधाकट आहे. तेवढ्या वेळात खार तुम्हाला तिच्या दारातून पुन्हा दुकानात आणत होती. ताईंची खूण पुसली जायची आणि तिची बसायची. कमिशन तिच्या कंपनीला, त्यातले दोन दाणे निवासाला. व्यवस्थापक, तुमचा थेंब वाढत होता ना? तो वाढला तेवढी इकडची विहीर आटली."

बाई दाराकडे वळल्या.

"भावजींकडे खार नाही, म्हणून त्यांचा दिवा दिसला. आमच्याकडे नाही, म्हणून हिरवी चटई दिसली. सिस्टरची निळी दिसली नाही. लेख डिसेंबरचा आणि कमिशन आटलं जानेवारीत. ती चौकट बघितली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. कंपनी उगाच कोणाचे एवढे आभार मानत नाही."

"आंधळं दळतं आणि..." हवालदार बोलून गेले, आणि ताईंचा चेहरा बघून त्यांनी पुढचे शब्द गिळले.

"ज्याची निवासावर जितकी माया, त्याने तितक्या आठवणीने खार बसवली," ताई सावकाश म्हणाल्या. "आणि बसवायला सांगितलं मी."

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"मग पकडा त्या कंपनीला!" हवालदार उठून उभे राहिले. "सरळ सरळ लूट आहे ही!"

"कोणत्या कलमाखाली? 'हो' यांनी स्वतः दाबलं. अटींचं लांबलचक पान न वाचता मान्य केलं. मी कंपनीला फोन केला होता. बोलणारी मुलगी फार गोड होती. म्हणाली, आमचं सगळं नियमात आहे आणि तुमच्या संस्थेला आमच्या शुभेच्छा."

"मी आजच लिहिते, खार काढून टाका म्हणून," ताई म्हणाल्या.

"लिहा. पण माल परत करायची मुदत टळल्याशिवाय दुकान कमिशन सोडत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे."

व्यवस्थापक पुढे आले. "जागा सोडायचीय, ताई. घरमालकाने दुसरा भाडेकरू बघितलाय. मदतनीसांनाही दुसरीकडे कामं लागली. गाडी उद्या सकाळी येतेय."

हे ताईंना ठाऊक होतं. तरी काहीतरी होईल, बाई काहीतरी करतील, असं त्यांना कालपर्यंत वाटत होतं. दादासाठी मिळालेली जागा फार दूर होती. तिथे नातेवाइकांना महिन्यातून एकदाच भेटू देत.

त्या उठून दाराकडे गेल्या. "भावजी, चुकले मी. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर माफी मागते."

माफी कशी घ्यायची, हे भावजींना कोणी शिकवलेलं नव्हतं.

"राहू द्या वहिनी," ते शेवटी म्हणाले. "दादाला गाडी लागते. उद्या मी मागे बसतो त्याच्याजवळ. तुम्ही पुढे बसा."

ताईंना रडू आवरेना. सिस्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मोठी माणसं रडायला लागलेली बघून दादा गोंधळला. त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"तुम्हाला सगळं कळतं?"

"कोण म्हणालं?"

"हे." त्याने हवालदारांकडे बोट दाखवलं. "हे म्हणाले, बाईंना सगळं कळतं."

हवालदार खिडकीकडे वळले.

"मग सांगा," दादा म्हणाला, "उद्या गाडीतून गेल्यावर आम्ही परत कधी येणार?"

आयुष्यभर प्रश्न बाईंनी विचारले होते. दादा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, उत्तर येईल म्हणून तिथेच उभा राहिला.