कोरसमधली कौसल्या

जुनी गाणी ऐकायला कोणता स्पीकर घ्यावा, असं विचारलंत ना? बसा. स्टूल जरा डुगडुगतं, भिंतीला टेकून बसा. सांगतो. पण माझी एक पद्धत आहे. मी स्पीकर ऐकवतो तेव्हा सगळ्या तारा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर जोडतो, आणि मग त्यालाच त्या बोटानं तपासायला लावतो. लोक हसतात. जयवंतरावांना म्हातारचळ लागला म्हणतात. लागू दे.

पूर्वी माझी पद्धत याच्या बरोब्बर उलटी होती. गिऱ्हाइकाला मी भिंतीकडे तोंड करून बसवायचो. स्पीकर दिसला की माणूस डोळ्यांनी ऐकतो. लाकूड चकचकीत असलं की त्याला आवाजही गोड लागतो. तेव्हा तोंड भिंतीकडे, मागे मी तारा बदलणार, आणि कोणता आवाज आवडला ते त्यानं सांगायचं. एकदा गिऱ्हाईक खूश झालं की पुढे स्क्रूलाही हात लावायचा नाही. माझ्या या शहाणपणाचा मला फार अभिमान होता.

साल अठ्ठावन्न. दुकान डिलाईल रोडला, एका चाळीच्या जिन्याखाली. रेडिओ दुरुस्ती आणि भोंगे भाड्यानं देणं असा धंदा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा रोज कुठल्या ना कुठल्या नाक्यावर व्हायच्या, त्यामुळे माझे भोंगे घरी कमी आणि खांबावर जास्त असत. भुताखेतांचं म्हणाल, तर दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते लटांबर मी सोडून आलो होतो. चाळीत कोणाला झपाटलं वगैरे ऐकलं की मी तोंडावर हसायचो.

राजारामदादा आला तो पहिली पाळी सुटल्यावर, चारच्या सुमारास. मालवणकडचा माणूस, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. अंगाला तेलाचा वास, भुवयांवर कापूस. वीस वर्षं त्या खटखटाटात उभं राहून त्याचे कान कामातून गेले होते. साचेखात्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, तसा तोही माझ्या तोंडाकडे बघत बोलायचा.

"जयवंता, माका एक चांगलो स्पीकर व्हयो."

"घरी रेडिओ आहे की, दादा."

"ताच्यावर कौसल्या गावना नाय."

कौसल्या म्हणजे त्याची बायको. अकरा वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेली. त्याच्या आदल्या साली दादरच्या एका स्टुडिओतल्या माणसानं चाळीतल्या भजन म्हणणाऱ्या सहा बायका कोरससाठी नेल्या होत्या. त्यात ती होती. धृपदाच्या दोन ओळी, त्याही मागे. तिचा ना फोटो होता, ना आणखी काही. ती एक रेकॉर्ड होती, आणि त्या सहा बायकांच्या गलक्यात कुठंतरी ती.

"कान जातत माझे," तो म्हणाला. "डाक्टरान सा म्हयने सांगितल्यान. ताच्या आधी एकदा तिचो आवाज येगळो करून ऐकाचो आसा. आणि चेडवाक ऐकवचो आसा."

चेडू म्हणजे कांता, त्याची मुलगी. आई गेली तेव्हा दोन वर्षांची, आता तेरा. प्रभातफेरीत घोषणा द्यायला चाळ तिलाच पुढे करायची. ती एकटी ओरडली की समोरच्या तीन चाळींतून 'झालाच पाहिजे' उठायचं. असा खणखणीत गळा मी आमच्या गल्लीत दुसरा ऐकला नव्हता.

मी कामाला लागलो. ते काम मला मनापासून आवडलं, खोटं कशाला बोलू? आधी चावीचा ग्रामोफोन आणून पाहिला. त्यावर सहाही बायका एकाच नाकातून गात होत्या. सिलोनवर सकाळी जुनी गाणी लागत. तिथं ते गाणं एकदा लागलंही, पण त्या खरखरीत धृपद वाहून गेलं. मग रेडिओला पिकअप जोडला, म्हणजे सुईनं रेकॉर्डवरचा आवाज उचलायचा आणि रेडिओतून मोठा करून ऐकायचा. बरं लागलं, पण रेडिओच्या पोटातला स्पीकर छोटा. खालचे सूर त्यात येईनात, आणि कौसल्येचा आवाज जरा खालचा होता, असं दादा सांगायचा.

शेवटी चोरबाजारातून बारा इंची स्पीकर आणला. कुठल्यातरी बंद पडलेल्या थेटराच्या पडद्यामागचा असावा. स्पीकरचा काळा कागदी पडदा कुठं फाटलेला नाही. हुंगला तर ओल्या राखेचा वास आला. थेटराला आग लागली असेल, असं म्हणून मी तो पुसून घेतला.

रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत मांडामांड केली. टेबलावर रेडिओ, शेजारी पिकअप, पुढे तो मोठा स्पीकर. शेजारच्या राधाबाई चहा घेऊन आल्या. एरवी मला कान तुटलेला कप द्यायच्या, पण गाणी लागणार असली की बशीसकट चांगला. मी दादाला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"मास्तर शिक्षा करतात तसं बसवलंत काका बाबांना," कांता हसून म्हणाली. ती टेबलाला चिकटून, मोठ्या स्पीकरच्या अगदी समोर उभी होती.

आधी छोटा स्पीकर ऐकवला. दादानं मान हलवली, नाही. मग मी मागे वाकून तारा बदलल्या आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. तारा बदलताना माझे डोळे मिटलेले होते. आपण कानांनी काम करणारी माणसं, अशी मिजास.

धृपद आलं. कांता बरोबर गुणगुणायला लागली, तिला ते पाठच होतं. आणि त्या बायकांमधून एक आवाज हळूहळू बाहेर आला. खालचा, किंचित मागे राहणारा. सहा बायका, पण मला सात ऐकू आल्या. धृपद संपलं, मुख्य गाणारी पुढे गेली, तरी तो एक आवाज तसाच हुंकारत राहिला.

"हीच!" दादा भिंतीकडेच बघत ओरडला. "जयवंता, हीच ती!"

तो रडला. राधाबाई रडल्या. मलाही भरून आलं. कांता तेवढी रडली नाही. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत होती आणि गळा चोळत होती. गिऱ्हाईक खूश झालं होतं. मी कशालाही हात लावला नाही, चहा संपवला आणि निघालो.

पंधरा दिवसांनी राधाबाई दुकानात आल्या. साडेचारचं ऊन, पाळीची गर्दी पांगून रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्यांनी आधी मागे बघितलं.

"कांताचा आवाज गेला रे."

"ओरडून बसला असेल."

"बसला नाही. गेला. काल प्रभातफेरीत घोषणा द्यायला पुढे झाली, तोंड उघडलं... नुसती हवा. डॉक्टर म्हणतो, गळ्यात काही नाही."

"आणि दादा काय म्हणतो?"

"त्याला कुठं ठाऊक? तो तिचे ओठ बघून बोलतो. पोरगी ओठ हलवते, त्याला सगळं कळतं. तिचा आवाज येत नाही हे त्याला कळायचं कसं? आणि सांगेल कोण? रोज पाळीवरून येतो आणि त्या मोठ्या स्पीकरसमोर बसतो... इतका सुखी मी त्याला कधी बघितला नाही."

मी हत्यारांची पिशवी घेतली. कशासाठी ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत सुकटाचा वास, आणि त्याच्या खाली तो ओल्या राखेचा. खिडकीतून ऊन येत होतं, गिरणीची घरघर नेहमीसारखी जमिनीतून पायात चढत होती. दादा पाळीवरून आला होता, कपडेही न बदलता मोठ्या स्पीकरला गाल लावून बसला होता. डोळे मिटलेले. रेकॉर्ड चालू होती. कांता त्याच्या मागे, भिंतीशी उभी होती.

मी हळूच विचारलं, "कांता, काय झालं गं?"

तिचे ओठ हलले. काका, एवढं मला कळलं. पुढचं कळलं नाही. ओठांतून श्वासाचाही आवाज आला नाही.

आणि त्याच वेळी धृपद आलं. तो खालचा आवाज आता खालचा राहिला नव्हता. खणखणीत झाला होता. मुख्य गाणारीच्या वर चढून तो गात होता, आणि ओळीच्या शेवटी जी एक उसळी घेत होता ती मी ओळखली. घोषणेच्या शेवटी कांता तशीच उसळी घ्यायची.

मी टेबलामागे गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि रेडिओच्या पाठीत बघितलं.

आता तुम्हाला एवढं समजून घ्यावं लागेल. रेडिओच्या पाठीत दोन जोड्या भोकं असतात. एकीतून आवाज आत जातो, तिथं पिकअप लावायचा. दुसरीतून बाहेर येतो, तिथं स्पीकर. मोठ्या स्पीकरच्या तारा मी आत जाणाऱ्या भोकांत खुपसल्या होत्या, पिकअपच्या तारांबरोबर. डोळे मिटून. स्पीकर असा उलटा जोडला की तो बोलत नाही, ऐकतो. समोर कोणी गायलं की त्याचा पडदा थरथरतो आणि तो आवाज तारेतून आत जातो. म्हणजे त्या रविवारी मोठ्या स्पीकरमधून काहीच आलं नव्हतं. जे आलं ते पाठीमागच्या, रेडिओच्या पोटातल्या छोट्यातून. मोठा नुसता ऐकत होता, आणि त्याच्या तोंडाशी कांता गुणगुणत होती. त्यानंतरचे पंधरा दिवसही.

शास्त्राप्रमाणे रेकॉर्डचा आवाज दबायला हवा होता. नाहीतर कान फाडणारी शिट्टी तरी वाजायला हवी होती. यातलं काहीच झालं नव्हतं. माझ्यासारख्या माणसानं एवढी साधी चूक करावी याची मला इतकी लाज वाटली, की भीती क्षणभर मागे पडली.

"दादा!" मी त्याचा खांदा हलवला. त्यानं डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघितलं. "मी हे काढतोय. कांताचा आवाज..."

त्यानं माझा हात धरला. साच्यावर काम केलेला हात, सुटेना. "नको," तो म्हणाला. "काल गिरणीचो भोंगो पण माका ऐकाक येवक नाय, जयवंता. सगळा बंद झाला. आता एवढीच ऐकाक येता."

मी कांताकडे बघितलं. तिनं मान हलवली. काढा म्हणत होती की नका काढू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी काढा असं धरलं. उजवा हात दादाच्या मुठीत, म्हणून डाव्या हातानं तारा उपटल्या. सुई रेकॉर्डवर तशीच फिरत होती, म्हणून रेडिओचं बटणही बंद केलं. छोटा स्पीकर गप्प झाला. खोलीत गिरणीची घरघर तेवढी उरली.

मला वाटलं होतं, आता पोरीच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडेल. रडणं, खोकला, काहीही. मी थांबलो. राधाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून.

"कांता, बोल..." मी म्हणालो. "बोल गं बाळा..."

काही नाही.

आणि माझ्या लक्षात आलं, दादानं माझा हात कधीच सोडला होता. त्यानं पुन्हा त्या स्पीकरला गाल लावला होता. आपण काय केलं ते त्याला दिसलं नसेल म्हणून मी उपटलेल्या तारा त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या. पण त्यानं डोळे मिटून घेतले होते. बोटं मांडीवर ताल धरत होती. चेहऱ्यावर समाधान होतं. मी हात पुढे केला आणि काळ्या कागदाला टेकवला. कागद कोमट होता आणि थरथरत होता.

"जयवंता," तो डोळे न उघडता हळूच म्हणाला. "आज दोघी गातत रे..."

मी मागे वळून बघितलं. कांता भिंतीशी उभी होती. ओठ घट्ट मिटलेले होते, पण तिच्या गळ्याची शीर हलत होती, दादाच्या बोटांच्या तालावर.