परक्याचा घास

रस्त्यावर आडवी दोरी धरून उभी असलेली मुलगी फारशी सुंदर दिसत नाही. त्यात डोक्यावर आजोबांची टोपी, केसांना धुराचा वास आणि चेहऱ्यावर चोराचा भाव...

"उतरा," हिल्डी म्हणाली.

गाडीची काच खाली आली. आत एक सावळा, झोप न झालेला तरुण होता. "मी काय केलं?"

"पूल ओलांडलात."

"बंदी आहे?"

"नाही. पण सकाळपासून ओलांडणारे तुम्ही पहिलेच परके. आता तुम्हाला सॉसेज खावं लागेल."

"आणि नाही खाल्लं तर?"

"मी दोरी सोडणार नाही. हट्टी आहे मी, विचारा कुणालाही."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तुमच्याशिवाय इथे फक्त एक बकरी आहे."

"तिला विचारा."

त्यानं खरंच बकरीकडे पाहिलं, मान डोलावली आणि गाडी बाजूला लावली. एफ्रेन त्याचं नाव. हसला की त्याची एक भुवई वर जायची. एरवी तिला हे आवडलं असतं. आज तिच्या पोटात आधीच लाज भरली होती. दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

टेक्सासच्या टेकड्यांतल्या नॉयटाल गावात पणजोबांच्या पणजोबांनी जर्मनीहून तीन गोष्टी आणल्या होत्या: एक बंद पडलेलं घड्याळ, जर्मन भाषा आणि नोव्हेंबरातली सॉसेजची स्पर्धा. भाषा विसरली गेली. घड्याळ बंदच होतं. उरली स्पर्धा. परीक्षक तिघे — पाद्री, शेफर बाई आणि त्या दिवशी पूल ओलांडणारा पहिला परका. दोरी धरायचा मान गेल्या वर्षी जिंकलेल्या घराचा. हिल्डीच्या, म्हणजे वाइडनरांच्या, घरानं ती अकरा वर्षं सोडली नव्हती.

यंदा मात्र आजोबांचे गुडघे गेले. आजोबांना सगळं गाव 'ओपा' म्हणे, हिल्डीही. सॉसेज धुरावर शेकायची खोली त्यांनी पहिल्यांदाच तिच्या हाती दिली. "आच मंद. सात दिवस," ते म्हणाले. "घाई केलीस तर चरबी रडते."

पाचव्या दिवशी गावात नाच होता. हिल्डीनं तीन ओंडके जास्त घातले, म्हणजे काम लवकर आटपेल. ती नाचून आली तेव्हा चरबी रडून रडून जमिनीवर वाहत होती आणि दांडीला जुन्या हातमोज्यांसारखं काहीतरी लटकत होतं. एक तिनं कुत्र्याला घातलं. कुत्रा उठून शेजाऱ्यांकडे राहायला गेला.

मग ती चाळीस मैलांवरच्या मोठ्या दुकानात गेली, आठ पाकिटं आणली, वेष्टणं फाडून जाळली आणि आतला माल एक दिवस धुरात टांगला.

आज स्पर्धेत मांडलेल्या बशांवर फक्त आकडे होते. कुठली बशी कुणाची, हे गुपित होतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेलं. टवका उडालेली चार नंबरची बशी वाइडनरांची.

पाद्रीबुवांनी डोळे मिटले. "हा हात ओळखू येतो! दहा."

शेफर बाईंनी डोळे पुसले. "दहा. जास्त देता येत नाहीत म्हणून."

एफ्रेननं एक घास खाल्ला. चावला. बशीकडे पाहिलं, मग हिल्डीकडे...

"शून्य."

बँडवाल्याचा भोंगा मध्येच अडकला. पण वीस गुण कुणालाच गाठता आले नाहीत. वाइडनर जिंकले.

हिल्डीनं एफ्रेनला लाकडांच्या ढिगामागे गाठलं. "शून्य? निदान बशीला तरी एक गुण द्यायचा!"

"घरचं सॉसेज एका मापाचं कधी नसतं. तुमची सगळी बरोबर सहा इंच."

"ओपा फार काटेकोर आहेत."

"ते माप मी लावतो," तो हळूच म्हणाला. "सॅन अँटोनियोत, कारखान्यात, यंत्रावर. चार वर्षं डब्यातही तेच खातोय. आज सुट्टी काढून दुसरं काहीतरी खायला निघालो होतो..."

तिचे कान तापले. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणून ती जमिनीकडे बघत राहिली. जमिनीनं दाद दिली नाही.

"मग — मग ओरडला का नाहीत?"

"शून्य म्हणालो की. त्याहून मोठ्यानं कसं ओरडायचं?" तो थांबला. "मी पूल ओलांडून जाईन. कुणाला सांगणार नाही. पण तुम्हाला इथेच राहायचंय..."

मंचाकडे ओपा निघाले होते. विजेत्यांची नावं कोरलेली लाकडी फळी तिथे होती. काठी टेकत, एकेक पायरी चढत... ह्या तीन पायऱ्यांचा सराव ते महिनाभर घरी करत होते, हे फक्त हिल्डीला माहीत होतं. त्यांनी छिन्नी उचलली.

"ओपा, थांबा!"

सगळं गाव वळलं. तिनं सगळं सांगितलं — नाच, ओंडके, दुकान, आठ पाकिटं. कुत्र्याचंसुद्धा. सांगून झालं तेव्हा टोपी हातात चुरगळली होती.

ओपांनी छिन्नी खाली घेतली. मग म्हणाले, "दहा कुणी दिले?"

पाद्रीबुवांनी बुटांकडे पाहिलं.

"शून्य कुणी दिलं?"

एफ्रेननं हात वर केला.

"म्हणून परका लागतो," ओपा म्हणाले. "आपण सगळे बशी खातो." छिन्नी त्यांनी हिल्डीच्या हातात ठेवली. "यंदाच्या वर्षापुढे नावाऐवजी रेघ मार. तूच. आणि जळकी कुठेत?"

जळकी आली. गावानं दोन पावलं मागे घेतली. एफ्रेननं एक उचललं, चावलं, खूप वेळ चावलं. डोळ्यांत पाणी आलं.

"तीन," तो म्हणाला.

"तीन?" रडता रडता हिल्डी भडकली. "कुत्र्यानं घर सोडलंय!"

"निदान कुणाच्या तरी हातचं आहे."

पुलापर्यंत ती त्याच्यासोबत चालत गेली. बकरी तिथेच होती.

"सोमवारपासून पुन्हा धूर लावतेय," ती म्हणाली. "मंद आचेवर. लक्ष ठेवायला कुणी असेल तर..."

"शनिवारी येऊ? तुला चालेल?"

'तुला' दोघांनाही ऐकू आलं. कुणीच दुरुस्त केलं नाही.

"ये. पण नीट विचार कर. पुढच्या वर्षी तुला गुण देता यायचे नाहीत."

"का?"

हिल्डीनं हातातली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. आज पहिल्यांदाच तिनं मान वर करून कुणाकडे तरी पाहिलं.

"गुण फक्त परकाच देतो."