दोन रिंग

सावनी, बॅग भरणं थांबव थोडा वेळ, आणि ती मेणबत्ती जरा इकडे सरकव. वीज काही आत्ता यायची नाही. फांद्या मोडल्याचे आवाज ऐकतेयस ना? बर्फ साचून झाडं जड झालीत, कुठेतरी तारेवर पडली असेल एखादी. राजीवमामा बाहेर गाडीच्या काचा खरवडतोय, तो एवढ्यात येत नाही. तोवर ऐक.

मघाशी तू सहज म्हणालीस, "मामी, डोन्ट वरी, पोचले की दोन रिंग देईन, तू उचलू नकोस." माझ्या हातातून लोणच्याची बरणी सुटता सुटता राहिली. तुला वाटलं, हात गारठलेत. तू इथं अमेरिकेत, फ्रिस्कोत वाढलेली मुलगी, हे दोन रिंगचं तुला तुझ्या आईनं शिकवलं असणार. आपल्या लोकांना ते शिकवावं लागतच नाही म्हणा. फुकटात निरोप पोचत असेल, तर आपण फोन उचलत नाही.

तू जिथं शिकायला निघालीयस, तिथंच मी शिकले. ब्रोशरवर लाल मेपलची झाडं आहेत ना, ती खरी आहेत, पण तीन आठवडेच. मग राखाडी आकाश, आणि इमारतीतून इमारतीत जायचे जमिनीखालचे बोगदे. पन्नास हजार विद्यार्थी! इतक्या माणसांत माणूस एकटा पडतो, हे मला कॅनडात जाईपर्यंत माहीत नव्हतं. काही दिवस असे जायचे, की सकाळी बसच्या ड्रायव्हरला म्हटलेलं "थँक यू" हेच त्या दिवसाचं माझं बोलणं.

लॅबमध्ये मराठी बोलणारा एकच होता, गुरुदत्त. सांगलीचा. त्याला एक खोड होती. कोणीही कुठंही निघालं, की अर्ध्या तासानं याचा फोन, "पोचलीस का?" लायब्ररीत गेलं तरी तेच. आम्ही त्याला आजोबा म्हणायचो. माझी रूममेट इशिता तर त्याचा आवाज काढून दाखवायची. आमच्यात काही होतं का, असं तू विचारशील. नव्हतं. होणार होतं, असं मला नंतर वाटायला लागलं.

आमच्या सरांचा प्रोजेक्ट होता सरोवराच्या बर्फावर. जागा इकडे अमेरिकेत, मिशिगनच्या पार उत्तरेला, लेक सुपीरिअरच्या काठावर. एक लाकडी घर, त्यात एक हीटर, एक फोन. समोर गोठलेली खाडी, आणि बर्फात रोवलेले तीन नारिंगी झेंडे. रोज दुपारी त्या झेंड्यांपाशी जायचं, हातगिरमिटानं भोक पाडायचं, बर्फाची जाडी मोजायची. सलग बारा वर्षं एकही हिवाळा चुकलेला नव्हता. सरांना त्या सलगपणाचं भारी कौतुक.

बर्फावर जाताना कुणाला तरी फोन करायचा, परत आल्यावर पुन्हा करायचा, असा तिथला नियम. तासाभरात दुसरा फोन आला नाही, तर त्या माणसानं शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, कळवायचं. गुरुदत्तनं माझं नाव दिलं होतं. पण कॅनडाला रोज दोन फोन म्हणजे डिपार्टमेंटचं बिल, आणि बिल आलं की सरांचं तोंड. मग आम्ही आपला देशी उपाय काढला. एक रिंग म्हणजे निघालो. दोन रिंग म्हणजे परत आलो. उचलायचं नाही.

२००४ ची संक्रांत होती. मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम. साडेतीनला एक रिंग आली. मी काळी साडी नेसायला घेतली. बरोबर साडेचारला दोन रिंग आल्या. जीव भांड्यात पडला. मी निऱ्या नीट केल्या, इशिताला हाक मारली आणि गेले.

गुरुदत्त तिसऱ्या दिवशी सापडला. तिसऱ्या झेंड्याजवळ, बर्फाखाली.

त्याच्या खिशात तापमान नोंदवणारं यंत्र होतं. तीन बावन्नला त्यातला आकडा शून्यावर आला, आणि मग हललाच नाही. म्हणजे साडेचारला फोन करायला तो... समजलं ना? मी सगळ्यांना सांगितलं, दोन रिंग आल्या होत्या. न उचललेला फोन बिलावर येत नाही, सावनी. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. इशिता तेव्हा न्हाणीघरात होती. मंडळातल्या काकू माझ्याशी गोड बोलायच्या आणि मी वळले की कुजबुजायच्या. त्याच्या आईचा फोन आला सांगलीहून. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, तू कुठं होतीस गं?"

तिळगूळ खात होते. हे मी त्यांना कसं सांगणार?

हळूहळू मलाच वाटायला लागलं, की रिंग आल्याच नसतील. कार्यक्रमाला जायची घाई होती, म्हणून मी त्या मनानं ऐकल्या असतील.

पुढच्या हिवाळ्यात तिथं जायला कोणी तयार होईना. मी हात वर केला. सरांना वाटलं, धीराची मुलगी. धीर कसला! मला तो फोन बघायचा होता.

आता एकट्यानं जायची बंदी होती. सोबत एक अमेरिकन टेक्निशियन होता, भला माणूस. चौथ्या दिवशी तो तापानं फणफणला आणि शहरात निघून गेला. सरांना कळवायला हवं होतं. कळवलं असतं, तर त्यांनी काम थांबवलं असतं, तेरावं वर्ष तुटलं असतं, आणि गुरुदत्त उगाचच गेला असं झालं असतं. मी तेव्हा असाच विचार करायचे. इशिताला सांगितलं, "एक रिंग, दोन रिंग, माहितीय ना?" ती म्हणाली, "यार विनीता, परत तेच?" पण हो म्हणाली.

साडेतीनला एक रिंग देऊन निघाले. पहिला झेंडा, दुसरा झेंडा. बर्फाचाही आवाज असतो, सावनी. खालून. पोटात गुरगुरल्यासारखा, लांबून येतो आणि पायाखालून निघून जातो. तिसऱ्या झेंड्यापाशी गुडघे टेकले, गिरमिट फिरवलं, भोकातून काळं पाणी वर आलं. त्या पाण्याला वास होता, ओल्या लोकरीसारखा. मान वर केली, तर समोर काही नव्हतं. धुकं. झेंडे नाहीत, किनारा नाही, घराचा दिवा नाही.

किती वेळ चालले कोण जाणे. हाका मारून उपयोग नव्हता, तरी मारल्या. एकदा मागून कोणी चालतंय असं वाटलं, मी थांबले की तेही थांबायचं. शेवटी पायाला किनाऱ्यावरचे दगड लागले. घरात शिरले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिला विचार आला इशिताचा. पोरगी घाबरली असेल, शेरीफची गाडी निघाली असेल. तसाच फोन लावला. रिसीव्हर गार होता, आणि ओला.

"इशिता, मी आले गं, धुक्यात अडकले होते, तू कुणाला कळवलंस का?"

"कळवू कशाला? आल्या ना तुझ्या दोन रिंग. बरोबर साडेचारला. मी भात पण लावला."

खरं सांगू, आधी भीती नाही वाटली. आधी रडू आलं. वर्षभर ज्याला मी स्वतःचं खोटं समजत होते, ते खोटं नव्हतं. त्या दिवशीही रिंग आल्या होत्या. मी ऐकल्या होत्या. डोळे पुसले, आणि मग लक्षात आलं, की त्या दोन रिंगांमुळे त्याला शोधायला कोणी गेलं नाही. आज मलाही कोणी शोधायला येणार नव्हतं.

इशिताला म्हटलं, "उद्या रिंग आली की उचल. बिल गेलं खड्ड्यात. माझा आवाज ऐकल्याशिवाय ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी आकाश निळंभोर होतं. तिन्ही झेंडे खिडकीतून दिसत होते. मी पळतच काम उरकलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी परत आले. दाराला कडी घातली. फोनसमोर खुर्ची ओढली, आणि रिसीव्हरवर हात ठेवून बसले. घरात तो एकच फोन. हीटरची टिकटिक. साडेचार झाले. चार पस्तीस. काही नाही. हाताखाली फोन गार पडून होता. स्वतःलाच हसले, आणि इशिताला फोन लावला.

"आता काय?" ती म्हणाली.

"आता काय म्हणजे? परत आले, ते सांगायला केला."

"अगं, आत्ताच तर केला होतास. पाच मिनिटं झाली."

"मी... काय बोलले मी?"

"नाटक करू नकोस यार. आवाज बसलाय तुझा, कळतच नव्हतं नीट. गुरुदत्तची नक्कल करत होतीस ना? 'विनीता पोचली का?' मला नाही आवडलं हं ते."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार! चिडले होते. म्हटलं, नाही, अजून पोचली नाही. आणि ठेवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग उचलली, चालत हायवेपर्यंत गेले आणि बस पकडली. तेरावं वर्ष तुटलं. सर वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी. मी विषय बदलला, डिग्री घेतली, लग्न करून इथं पार्सिपनीला आले. राजीवमामाला यातलं काही माहीत नाही.

आणि दर वर्षी, डिसेंबर उलटला, की रोज दुपारी साडेचारला घरचा फोन वाजतो. दोन रिंग. बंद. दोनदा घर बदललं, नंबर बदलला. फोनवर कुणाचाच नंबर उमटत नाही, नुसत्या रेघा. राजीवमामा म्हणतो, टेलिमार्केटिंगवाले. मी कधी उचलला नाही. आधी भीती वाटायची. मग... कसं सांगू तुला? या गावात तीनशे मराठी घरं असतील, हळदीकुंकू, गणपती सगळं होतं, पण मी पोचले की नाही हे रोज विचारणारं कोण आहे? सवय झाली. तेवढ्या वेळी मी घरीच थांबते.

काल दुपारी तुला आणायला मी विमानतळावर गेले. वादळामुळे राजीवमामा घरी होता. आज सकाळी चहा पिताना म्हणाला, "अगं, तुझ्याकडच्या कुणाचा तरी फोन होता काल. सांगायचंच राहिलं."

मी विचारलं, "कोण?"

"नाव नाही सांगितलं. तुझे कोणी काका असतील, आवाज अगदी खोल गेलेला. विचारत होते, विनीता पोचली का? म्हटलं, हो, कधीच पोचली, मजेत आहे."

"मग?"

"मग काही नाही. लाइनवर वारा होता नुसता. मला वाटलं कट झाला. ठेवणार तेवढ्यात म्हणाले, 'आणि मी?'"

राजीवमामानं खांदे उडवले आणि बिस्किट चहात बुडवलं. त्याला काय माहीत?

म्हणून सांगते, पोचलीस की बोल माझ्याशी. किती का बिल येईना. तू तूच आहेस हे कळेल असं काहीतरी बोल, तुझ्या त्या फाटक्या उशीबद्दल बोल. दोन रिंगवर माझा जीव आता भांड्यात पडत नाही.

किती वाजले? चार वीस. वीज गेली तरी भिंतीवरचा तो जुना फोन चालतो, माहितीय ना? त्याला फोनच्या तारेतूनच वीज मिळते. आज मी उचलणार आहे. आठ वर्षं झाली, त्याची आई गेली, सर रिटायर झाले, ते लाकडी घरही पाडलं म्हणे. पोचलास म्हणावं, तर ते खोटं. आणि नाही पोचलास, हे त्याला अजून कुणीच सांगितलेलं नाही.

काय सांगू गं त्याला?