घालून ठेवलेलं अंथरूण

सन दोन हजार नऊ, जुलैचा दुसरा शनिवार. आपल्या बेटावर जुलै म्हणजे थंडीचे दिवस, दक्षिणेचा वारा लागलेला, देवमासे खडकांच्या बाहेरून जायला लागलेले. वार पक्का लक्षात आहे, कारण शनिवारी आलेली बोट रात्री बाराच्या आत रिकामी करावी लागते. रविवारी आपण काडी हलवत नाही.

पुढच्या बोटीचे पाहुणे कुणाच्या घरी उतरवायचे, यावरून तुम्ही मघापासून भांडताय. भांडा. पण आधी हे ऐका. हे माताओराचं झालं. माताओरा म्हणजे वरच्या पाहुणघराचा मालक, माझा जुना सोबती.

त्या शनिवारी सकाळी आकाइतीनं मला हाक मारली. जुन्या धक्क्याजवळ राहायची ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरापुढंच पुरला होता. एकच मुलगा, तामाती. एकोणिसाव्या वर्षी ऑकलंडला गेला तो तेवीस वर्षं आला नव्हता. आज बायको आणि दोन पोरं घेऊन येणार होता.

"ट्रॅक्टर घेऊन जा," आकाइती म्हणाली. "माझ्या पोराला घरी आण."

"आणतो की. त्यासाठी मला सांगायला कशाला हवं?"

"सांगावं लागतं. धक्क्यावर माताओरा असतो."

मी हसलो. आत डोकावलो. पलंगावर अंथरूण घातलेलं होतं. नवी गोधडी, पांढऱ्यावर लाल जास्वंदी. ती शिवायला बायकांच्या मंडळाला चार वर्षं लागली होती. भुईतल्या भट्टीत डुक्कर लावलेलं. म्हातारीनं डोक्यात फुलं माळली होती.

दुपारी होड्या खडकांमधल्या वाटेनं आत आल्या. तामाती उतरला. अंगानं सुटला होता. पोरांना बोट लागली होती, बायकोचा चेहरा पडला होता. मी सामान ट्रॉलीत टाकलं. तेवढ्यात माताओरा आलाच.

"काय रे तामाती, या पोरांना काय तांब्यानं आंघोळ घालणार? रात्री कंदील घेऊन परसात नेणार? माझ्याकडं गरम पाण्याचा फवारा आहे. मच्छरदाण्या आहेत."

"आई वाट बघतेय," तामाती म्हणाला.

"मग जा की दिवसभर आईकडं. चार पावलांवर तर आहे. झोपायला फक्त वर ये."

 बायको नुसती तामातीकडं बघत राहिली. तामाती माझ्याकडं वळला.

"काका, तुम्ही सांगाल ना आईला?"

मी ट्रॅक्टर वर वळवला. मुलगा तिचा, मर्जी त्याची, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सामान मीच आत नेऊन ठेवलं.

येताना आकाइतीच्या दारात थांबलो. ती फुलांचे चार हार हातात घेऊन उभी होती. रिकाम्या ट्रॉलीकडं बघितलं तिनं.

"बोट आली ना?"

"आली."

"मग?"

"माताओराकडं उतरलाय. पोरं लहान आहेत, म्हणून."

"ट्रॅक्टर तुझाच होता ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

दहा दिवस तामाती राहिला. रोज दुपारी आईकडं यायचा, जेवायचा, अंधार पडायच्या आत वर जायचा. जाताना तिला विजेची किटली दिली. तिच्या घरात वीज नव्हती.

आता आपली रीत तुम्हाला सांगावी लागते, हीच लाज आहे. ज्या घरानं पाहुण्यासाठी अंथरूण घातलं आणि पाहुणा दुसरीकडं झोपला, त्या घरानं ते अंथरूण उचलायचं नाही. ज्यानं पाहुणा नेला, त्यानं येऊन एक रात्र त्याच्यावर झोपायचं. पाहुण्याच्या जागी. बाहेर एक साक्षीदार बसतो. सकाळी अंथरूण मोकळं होतं, मन मोकळं होतं, आणि त्यावर पुन्हा कुणी बोलत नाही. माझा बापही एकदा असा झोपला होता. त्यानं त्याची पत गेली नाही.

माताओराला दोघातिघांनी सांगितलं. मीही सांगितलं.

"मुलगा तिचा, तिच्याच गावात आलेला. तो पाहुणा कसला?" तो म्हणाला.

"अंथरूण घातलं होतं तिनं."

"तिच्या त्या पलंगावर माझी पाठ मोडेल. जुन्या लोकांचं जुन्यांबरोबर जाऊ द्या."

खरं म्हणजे त्याला म्हातारीच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. अंथरूण तसंच राहिलं. आकाइती त्याच खोलीत जमिनीवर केवड्याची चटई टाकून झोपायची. पुढच्या मार्चमध्ये ती त्याच चटईवर मेली.

आपल्या बायकांना त्यांच्या गोधडीत गुंडाळून पुरतात. तिची गोधडी पलंगावर होती आणि उचलता येत नव्हती. मला वर पाठवलं. माताओरा जेवत होता.

"आजची एक रात्र झोप," मी म्हणालो. "उद्या दुपारी पुरायचं आहे. तिला तिची गोधडी मिळू दे."

"आज घरात चार पाहुणे आहेत. त्यांना टाकून येऊ?"

"तुझी बायको आहे की."

"उद्या बघू," तो म्हणाला आणि माशाचा काटा काढायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिला दुकानातल्या करड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून नवऱ्याशेजारी पुरलं. तामातीनं फोन केला, बोट मिळत नाही म्हणाला. दोन महिन्यांनी त्यानं पाठवलेली प्लॅस्टिकची फुलं आली. तीही मीच ट्रॅक्टरवरून आणली.

त्यानंतर सुरू झालं.

पहिला एक शाळा तपासणारा माणूस होता, रारोटोंगाचा, म्हणजे मोठ्या बेटावरचा. सकाळी माताओराच्या घरात त्याचं अंथरूण रिकामं. दाराला आतून कडी. शोधत शोधत लोक खाली आले, तर हा आकाइतीच्या बंद घरात, पलंगाच्या पायथ्याशी उभा. पायांना वाळू.

"इथं कसे आलात?" मी विचारलं.

"म्हातारीनं बोलावलं. अंथरूण घातलंय म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं..."

"आणि?"

"तू तो नाहीस, म्हणाली."

दुसऱ्या बोटीला एक नर्स आली. तिचंही तेच. पलंगाचा पायथा, पायांना वाळू, आणि तेच शब्द. तू ती नाहीस, असं नव्हे. तू तो नाहीस.

माताओरा लोकांना सांगायचा, पाहुणे दारू पितात. पण पाहुणघर हळूहळू रिकामं पडलं. बोटीवरची माणसं धक्क्यावर उतरली की विचारायची, वरचं घर सोडून दुसरं कुठलं आहे का. आकाइतीच्या घरात कुणी पाय ठेवत नव्हतं. मी एकदा खिडकीतून बघितलं. ती जाऊन सोळा महिने झाले होते. सगळ्या घरात बोटभर धूळ होती. गोधडीवर नव्हती.

सन दोन हजार अकराच्या जुलैत माताओराची मुलगी तेपाएरू माहेरी आली. बरोबर तिची लेक आना, चार वर्षांची. माताओरानं दारांना नव्या कड्या बसवल्या. नातीला स्वतःच्या आणि बायकोच्या मध्ये झोपवलं.

बुधवारी पहाटे तो माझं दार बडवत होता. आना अंथरुणात नव्हती. कड्या आतून लागलेल्या. आम्ही धावत खाली गेलो.

पोर पलंगाशी उभी होती. रडत नव्हती. तिची वेणी घातलेली होती. झोपताना केस मोकळे होते, असं तेपाएरू नंतर म्हणाली.

माताओरानं तिला उचललं. "कुणी आणलं तुला, बाळा?"

"आजीनं."

"काय म्हणाली आजी?"

"म्हणाली, तू लहान आहेस. तू चालशील."

माताओरानं तिला छातीशी घट्ट धरलं.

"अजून काय म्हणाली?" मी विचारलं.

"आज उशीर झाला. उद्या रात्री ये."

बोट आदल्या दिवशीच गेली होती. पुढची पाच आठवड्यांनी. पोरीला घेऊन जाणार कुठं? चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली आणि ते स्वतःच्या घरी गेले. माताओरा दिवसभर ओट्यावर बसून होता. संध्याकाळी माझ्याकडं आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची मान खाली होती.

"साक्षीला बसशील?"

"बसेन. बोलावणार कधी, एवढंच बघत होतो."

"टोमणा आजच मारायचा होता का?"

"आजच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीची, गुरुवार एकवीस जुलैची रात्र. आठ वाजता आम्ही पोचलो. चंद्र अकराच्या पुढं उगवणार होता. माताओरानं चपला बाहेर काढल्या. रीतीप्रमाणं उंबऱ्यावर उभा राहून बोलला, "पाहुणा मी नेला. त्याच्या जागी मी आलोय." आत गेला. दार ओढून घेतलं. मी कंदील घेऊन थडग्याच्या कडेला बसलो. तिच्याच. साक्षीदारानं आत बघायचं नसतं. फक्त ऐकायचं.

नऊ वाजले. दहा वाजले. खडकांवर लाटा आपटत होत्या. आत पलंग करकरला, मग थांबला. तो घोरायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. झोपला की सुटला, असं वाटलं.

अकराच्या सुमाराला घोरणं थांबलं.

वारा पडला. लाटांचा आवाज होता, पण लांब गेल्यासारखा.

आतून माताओराचा आवाज आला. हळू. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"हो... जेवलो."

मग शांतता. कुणीतरी काही विचारावं, तेवढी.

"नाही. दमलो नाही."

शांतता.

"दोन. मुलगा आणि मुलगी."

मी कंदील खाली ठेवला. माताओराला एकच मुलगी. दोन पोरं तामातीची.

"हो, लागली होती बोट... धाकटीला जास्त..."

शांतता. या वेळची लांब. चंद्र वर आला. मी दाराकडं पाठ केली.

"तिकडं... वरच्या घरी..."

...

"नाही. कुणी ओढून नेलं नाही."

...

"मीच."

मी ऐकत होतो. दुसरा आवाज नव्हता. श्वाससुद्धा नव्हता. पण प्रत्येक वेळी तो थांबायचा, आणि उत्तर द्यायचा. लहान पोरासारखा. पुढं पुढं त्याचा आवाजही बारीक झाला. माताओराचा आवाज मी चाळीस वर्षं ओळखत होतो. तो तसा बोलत नाही.

"चुकलं, आई."

...

"नाही जाणार."

मग बोलणं संपलं. बराच वेळ काही नाही. मग एक बारीक आवाज. टिक. थोड्या वेळानं पुन्हा. टिक. पाल असेल, म्हटलं. मोजत बसलो, कारण दुसरं काय करणार... दहा झाले. थांबला.

मी उठलो नाही. हाक मारली नाही. साक्षीदाराला मनाई आहे, असं तुम्हाला सांगता येईल. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

तिचा मुलगा त्या वेळी ऑकलंडला आपल्या पलंगावर झोपला असेल. त्याला कुणी उठवलं नाही. ज्यानं आईचं अंथरूण सोडलं, त्याला कधी काही झालं नाही. अजून धडधाकट आहे. हे मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही.

उजाडलं. कोंबडे आरवले. दार उघडलं आणि माताओरा बाहेर आला. खांदे पडलेले. त्याला रात्रीचं काही आठवत नव्हतं. गाढ झोप लागली होती, म्हणाला. पाठसुद्धा दुखत नव्हती. रीतीप्रमाणं त्यानं गोधडी घडी करून माझ्या हातात दिली. आम्ही दोघांनी तिथंच थडग्याच्या डोक्याशी हातभर खड्डा काढला, गोधडी आत ठेवली, माती लोटली. त्या रात्री आना माताओराच्या बायकोच्या कुशीत सकाळपर्यंत झोपली होती. कडी लागलेली, पाय स्वच्छ.

माती लोटताना मी त्याच्या हातांकडं बघितलं. माताओरा सुतारकाम करायचा. त्याची नखं कायम वाढलेली, फुटकी, राळेनं काळी. त्या सकाळी दहाही बोटांची नखं कापलेली होती. अगदी बारीक, गोल, शाळेत जाणाऱ्या पोराची आई कापते तशी. त्यानंही बघितलं. हात उलटेपालटे करून बघितले. मी आत जाऊन पलंग बघितला, पलंगाखाली बघितलं, चटई झटकली. कापलेलं एकही नख मिळालं नाही.

त्या दिवसापासून माताओराच्या घरी उतरलेला पाहुणा त्याच्याच घरी झोपतो. देणं फिटलं.