मेणवेल का फुलेना?

"मामा, वेल छताला टेकली, पण एकसुद्धा फूल नाही! असं का?"

केतकी रडवेली झाली होती. चंद्रावरच्या वस्तीत राहायला येताना तिने पृथ्वीवरून एक मेणवेल आणली होती. तिकडे ती झुपक्यांनी फुलायची, इथे नुसती पानंच पानं! आणि आज वस्तीच्या बैठकीत ठरलं, की पुढच्या लागवडीला ती जागा टोमॅटोला द्यायची.

"निदान या वाळक्या काड्या तरी छाटते," म्हणत तिने कात्री उचलली.

"थांब!" अनंतमामाने उडी मारली. चंद्रावरची उडी ती. मामा टेबलावरून तरंगत थेट तिच्यापाशी उतरला. तो वनस्पतिशास्त्रज्ञ होता. "अगं, हे फुलांचे देठ आहेत! मेणवेल पुन्हा पुन्हा त्याच देठांवर फुलते."

मग तो बाग सांभाळणाऱ्या यंत्रमानवाकडे वळला. "पानसे, वेलीला काय देतोस?"

"रोज पाणी आणि भरपूर नत्र (पानं वाढवणारं अन्नद्रव्य)," पानसे ऐटीत म्हणाला. "पालकाला देतो तेच."

"इथेच घोळ झाला! जंगलात ही वेल झाडांवर चढते ती उजेडासाठी. उजेडात तिची पानं साखर बनवतात, म्हणजेच प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या मदतीने अन्न तयार करणं) करतात. साखर शिल्लक पडली तरच फुलं परवडतात. आपण तिला ठेवलंय सावलीत आणि वर नत्राचा मारा!"

"म्हणजे दिवे जवळ आणायचे, नत्र कमी करायचं!" केतकीचे डोळे चमकले. "आणि पाणी?"

"माती सुकल्यावरच."

"ती तहानेने मरेल!" पानसे कळवळला.

केतकीने एक जाडजूड पान त्याच्या हातात दिलं. "दाबून बघ. पाणी साठवलंय तिने."

त्या दिवसापासून केतकी रोज देठ न्याहाळायची. काहीच दिसेना. टोमॅटोची रोपं तयार झाली, वेल काढायची वेळ जवळ आली. आणि एका सकाळी देठाच्या टोकाला मोहरीएवढे हिरवे दाणे!

"मामा! कळ्या!"

कळ्या फुगल्या आणि एका संध्याकाळी उमलल्या. मेणाच्या घडवाव्यात तशा गुलाबी चांदण्यांचा झुपका! गोड वास हवेच्या नळ्यांतून वस्तीभर पसरला. जो तो वास हुंगत बागेत आला. बैठक घेणाऱ्या सुलभाताई कितीतरी वेळ डोळे मिटून उभ्या होत्या.

"टोमॅटो दुसरीकडे लावू," त्या हळूच म्हणाल्या.

गर्दीत मंगळाच्या यानाची चालक मेहरुनिसा होती. तिने विचारलं, "केतकी, एक फांदी देशील? तिकडे फुलेल का गं?"

"फुलेल की!" केतकी म्हणाली. "फक्त खिडकीजवळ ठेव, आणि फार लाड करू नकोस!"